रुग्ण एक, कागद सात : पुनर्वसनातील समन्वयाविषयी

हरिपूर_संगम (धागाकर्ती)

नमस्कार. मी फिजिओथेरपिस्ट असून गेली चौदा वर्षे सांगली-मिरज परिसरातील रुग्णालयांत काम करते आहे. एका रुग्णाची हकिगत मांडून त्यावर इथल्या जाणकारांशी चर्चा करावी, असे बरेच दिवस मनात होते. रुग्णालयाचे नाव देत नाही, कारण ही गोष्ट कोणत्याही रुग्णालयात घडू शकली असती.

तासगाव तालुक्यातील एक द्राक्षबागायतदार, वय साठच्या आसपास, अर्धांगवायूचा झटका येऊन आमच्याकडे दाखल झाले. उजवी बाजू गेलेली होती, बोलणे अस्पष्ट झाले होते, आणि गिळताना त्रास होत होता. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांपैकी कोणीही कामचुकार नव्हते, हे मला आधीच सांगितले पाहिजे. वाचा-उपचारतज्ज्ञ ताई आठवड्यातून दोनदा येत असत. त्यांनी गिळण्याची तपासणी करून, पाणी-चहासारखे पातळ पदार्थ तोंडाने द्यायचे नाहीत, घट्टसर पेज लहान चमच्याने द्यायची आणि तीही रुग्णाला ताठ बसवूनच, असे स्वच्छ अक्षरात लिहून ठेवले होते. आहारतज्ज्ञांनी त्याप्रमाणे स्वयंपाकघराकडे पत्रक पाठवले होते. मी त्यांना रोज सकाळी खाटेच्या कडेला बसवून तोल सांभाळण्याचा सराव घेत होते. तिसऱ्या दिवशी पहाटे त्यांनी खुणेने चहा मागितला. मुलाने खालून चहा आणला आणि विभागात मदतनीस म्हणून काम करणाऱ्या मावशींनी उशी थोडी वर सरकवून मायेने दोन घोट पाजले. चहा श्वासनलिकेत उतरून जोराचा ठसका लागला, दुपारपर्यंत ताप चढला, आणि छातीतल्या संसर्गामुळे पुढचे नऊ दिवस त्यांना अतिदक्षता विभागात काढावे लागले.

नंतर सगळे कागद एकत्र केले, तेव्हा ते सात निघाले. डॉक्टरांचा केस पेपर, सिस्टरांचा तक्ता, औषधांचा तक्ता, माझी वही, ऑक्युपेशनल थेरपीची (म्हणजे रोजची कामे पुन्हा स्वतः करायला शिकवण्याच्या उपचारांची) नोंद, आहारपत्रक आणि वाचा-उपचारतज्ज्ञांची चिठ्ठी. सातही कागद आपापल्या जागी बरोबर होते. मात्र ज्या दोन माणसांच्या हातात चहाचा कप होता, त्यांनी यातला एकही कागद पाहिलेला नव्हता, आणि चिठ्ठी तर इंग्रजीत होती. मला स्वतःला आदल्या सकाळपासून ती सूचना ठाऊक होती. मुलगा माझ्यासमोर अर्धा तास उभा होता, पण मी त्याला ती सांगितली नाही, कारण गिळणे हा माझा विषय नाही असे मी धरून चालले होते. ही चूक माझी होती आणि ती मी अजून विसरलेले नाही.

झटक्यानंतरच्या सुरुवातीच्या दिवसांत सुमारे निम्म्या रुग्णांना गिळण्याचा काही ना काही त्रास होतो, म्हणजे हा प्रसंग अपवादात्मक नव्हे. अर्धांगवायूच्या रुग्णांसाठी स्वतंत्र विभाग चालवले, तर मृत्यू आणि कायमचे परावलंबन दोन्ही कमी होतात, हे अनेक देशांतील चाचण्यांनी दाखवून दिलेले आहे. त्या विभागांचे वेगळेपण कोणत्याही महाग यंत्रात नव्हते. तिथे डॉक्टर, परिचारिका आणि निरनिराळे उपचारतज्ज्ञ आठवड्यातून किमान एकदा एकत्र बसत, त्यांचे शिक्षण सतत चालू राही, आणि नातेवाइकांना पहिल्या दिवसापासून सामावून घेतले जाई. उलट, एकाच शाखेचा उत्साह एकट्याने धावला तर काय होते, तेही आपल्याला माहीत आहे. झटक्यानंतर पहिल्या चोवीस तासांतच रुग्णाला वारंवार आणि जास्त वेळ उठवण्याचा प्रयोग एका मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत झाला होता. २०१५ साली तिचे निष्कर्ष आले, तेव्हा नेहमीच्या बेताच्या हालचालीपेक्षा त्या रुग्णांची स्थिती काहीशी वाईटच राहिल्याचे दिसले. रुग्णाला लवकर उठवणे म्हणजे चांगले करणे, असे मानणाऱ्या माझ्यासारखीला तो निकाल पचवायला वेळ लागला.

त्या प्रसंगानंतर आमच्या अकरा खाटांच्या विभागात आम्ही एक कागद सुरू केला. तो खाटेच्या पायथ्याला लटकतो, मराठीत असतो, आणि त्याच्या पहिल्या ओळीत रुग्णाला काय हवे आहे ते त्याच्याच शब्दांत लिहिलेले असते. या काकांच्या कागदावर "फळछाटणीच्या आधी बागेत जायचे" एवढेच लिहिले होते. फळछाटणी ऑक्टोबरच्या सुमारास असते, त्यामुळे आम्हा सगळ्यांनाच एक मुदत मिळाली. बागेत जायचे म्हणजे ओबडधोबड जमिनीवर तोल सांभाळायचा, उन्हात चक्कर येऊ द्यायची नाही, स्वतःच्या हाताने पाणी प्यायचे आणि मजुरांना समजेल असे बोलायचे. यातला प्रत्येक तुकडा वेगळ्या माणसाच्या कामाचा आहे, पण सगळे मिळून ध्येय एकच आहे. याआधी माझ्या वहीत "दहा मीटर चालणे" असे ध्येय असे. त्याचे रुग्णाला काहीच सोयरसुतक नव्हते.

मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी पावणेदोनला, म्हणजे सिस्टरांची पाळी बदलताना, आम्ही वीस मिनिटे उभ्याने बोलतो. आधी मावशी बोलतात, नंतर सिस्टर, मग आम्ही उपचारतज्ज्ञ आणि शेवटी डॉक्टर. हा क्रम आम्ही मुद्दाम ठेवला, कारण मोठ्या माणसाने आधी मत दिले की बाकीचे गप्प बसतात, असा अनुभव होता. प्रत्येक रुग्णामागे आमच्यापैकी एकजण पाठपुरावा करतो. ज्याचा त्या रुग्णाजवळ सर्वांत जास्त वेळ जातो, त्याच्याकडे हे काम येते, मग तो हुद्द्याने कितीही धाकटा असो.

हे सगळे अजून डळमळीत आहे. आपापल्या ठिकाणी आपण काय करता आणि कुठे अडता, ते कृपया सविस्तर लिहावे.

रात्रपाळी

ताई, हा विषय मांडलात हे फार बरे केलेत. मी बावीस वर्षे परिचारिका आहे. आमच्या बाजूची एक अडचण सांगते. दिवसभरात चार विभागांचे चार जण येऊन चार सूचना देऊन जातात आणि प्रत्येकाला आपली सूचना सर्वांत महत्त्वाची वाटते. या सगळ्या सूचना मला पुढच्या पाळीला ओव्हर देताना, म्हणजे रुग्णांचा ताबा सोपवताना, दहा मिनिटांत सांगायच्या असतात. सूचना विभागवार लिहिलेल्या असतात, माझे काम मात्र घड्याळावर चालते. त्यामुळे "फिजिओथेरपीच्या सूचना" असे शीर्षक माझ्या उपयोगाचे नाही. सहा वाजता, आठ वाजता, दहा वाजता या रुग्णाचे नेमके काय करायचे, हे मला हवे असते.

आम्ही कागद वेळेप्रमाणे आखला, तेव्हा एक गोष्ट सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आली. सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान डॉक्टरांचा राउंड, फिजिओथेरपी, ड्रेसिंग, रक्त घेणे आणि एक्स-रे हे सगळे एकाच माणसावर येऊन आदळत होते, आणि दुपारी दोन ते पाच त्याच्याजवळ कोणीही फिरकत नव्हते. थकलेला रुग्ण व्यायामाला नाही म्हणायचा आणि वहीत "रुग्णाचे सहकार्य नाही" अशी नोंद व्हायची. ऑक्युपेशनल थेरपीची वेळ फक्त साडेतीनवर नेली, तर ही नोंद येणे जवळपास थांबले.

खाटेवरून उचलताना लुळा पडलेला हात धरून ओढायचा नाही, हे मावशींना आणि वॉर्डबॉय मामांना प्रत्यक्ष करून दाखवा, एवढी विनंती आहे. त्या खांद्याचे स्नायू सैल झालेले असल्यामुळे सांधा खाली सरकतो आणि मग महिनोन्महिने दुखत राहतो. हे आम्ही जाणतो. उचलणारी माणसे मात्र दर दोन-तीन महिन्यांनी बदलतात, कारण ती कंत्राटावर असतात, आणि शिकवलेले त्यांच्याबरोबरच निघून जाते.

गोळी_आणि_गुण

मी फार्मासिस्ट आहे. धागाकर्त्या ताईंच्या सात कागदांत औषधांचा तक्ता आला, पण मंगळवार-शुक्रवारच्या बैठकीत फार्मासिस्टचा उल्लेख आढळला नाही, म्हणून लिहितो.

नाकातून नळी घातलेल्या रुग्णाला गोळ्या कुटून दिल्या जातात. दीर्घकाळ हळूहळू विरघळावी म्हणून बनवलेली गोळी कुटली, तर दिवसभराची मात्रा एकदम अंगात जाते. आम्लात विरघळू नये म्हणून आवरण दिलेली गोळी कुटली, तर तिचा उपयोगच उरत नाही. फिट्ससाठी दिले जाणारे फेनिटॉइन नळीतून जाणाऱ्या आहाराबरोबर दिले की नीट शोषले जात नाही, म्हणून औषध आणि आहार यांत अंतर ठेवावे लागते. हे अंतर आहारतज्ज्ञांना ठाऊक नसेल, तर ते आपल्या जागी अगदी योग्य वेळापत्रक आखतील आणि रुग्णाला मात्र पुन्हा फिट येईल.

उपचारतज्ज्ञांच्या कामाशी औषधाच्या वेळेचा किती जवळचा संबंध असतो, याचा विचार आमच्याकडे फारसा होत नाही. पार्किन्सनच्या (कंपवाताच्या) रुग्णाचा व्यायाम गोळीचा अंमल चढलेला असताना घेतला आणि उतरलेला असताना घेतला, तर तीच व्यक्ती दोन निराळ्या माणसांसारखी वागते. स्नायूंचा ताठरपणा कमी करणाऱ्या बॅक्लोफेनने झापड येते. रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या काही औषधांमुळे उभे राहताच दाब उतरतो. उभे राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचा दाब वीस किंवा खालचा दहा अंकांनी उतरला, तर ते फिजिओथेरपिस्टच्या लक्षात सर्वांत आधी येते, कारण त्याच त्या क्षणी रुग्णाशेजारी उभ्या असतात. ती नोंद त्यांच्या वहीतच राहिली, तर मला ती कळत नाही आणि मला कळली नाही, तर डॉक्टरांना कोणते औषध तपासून पाहा असे सुचवणारे कोणी उरत नाही.

निदान

मी फिजिशियन आहे. वरच्या लेखनातील तळमळ मला मान्य आहे, परंतु एक हरकत नोंदवणे मी कर्तव्य समजतो. उद्या रुग्णाचे काही बरेवाईट झाले, तर नातेवाईक, पोलीस आणि ग्राहक आयोग या सर्वांपुढे उत्तर देण्यासाठी मला उभे राहावे लागते. निर्णय सातजणांचा आणि जबाबदारी एकाची, अशी व्यवस्था टिकत नाही. शिवाय, धाकट्या हुद्द्याच्या व्यक्तीकडे पाठपुरावा दिला आणि तिने स्वतःच्या अधिकारात काही बदल केला, तर काय करावे?

दुसरा मुद्दा वेळेचा आहे. माझ्याकडे दिवसाला तीन रुग्णालये आहेत. पावणेदोनला उभे राहणे मला दर वेळी शक्य होणार नाही, आणि माझ्यासारखे सांगलीत पुष्कळ जण आहेत.

हरिपूर_संगम

सर, आपली हरकत योग्य आहे आणि तिचे उत्तर मी आधीच द्यायला हवे होते. पाठपुरावा करणारी व्यक्ती उपचार ठरवत नाही. ठरलेली गोष्ट ठरलेल्या वेळी झाली की नाही एवढेच ती पाहते, आणि झाली नसेल तर योग्य माणसाला फोन करते. औषध बदलण्याचा अधिकार डॉक्टरांचाच आहे, आणि तोंडाने खाणे सुरू करण्याचा निर्णय वाचा-उपचारतज्ज्ञांच्या तपासणीनंतर आपल्याच सहीने होतो. त्या पहाटे आमच्याकडे निर्णय कोणी घ्यायचा हा प्रश्नच नव्हता. निर्णय झालेला होता. तो खाटेपर्यंत पोहोचला नाही.

कायद्याबद्दल थोडे लिहिते, कारण बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. २०२१ साली संसदेने संलग्न आणि आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, आहारशास्त्र, प्रयोगशाळा आणि किरणचित्रण तंत्रज्ञ अशा पन्नासहून अधिक व्यवसायांना त्यात दहा गटांत मांडले आहे. परिचारिका त्यात नाहीत, त्यांचा मूळ कायदा १९४७ चा, आणि त्याच्या जागी नवा कायदा २०२३ साली संसदेने संमत केला. फार्मासिस्टांचा १९४८ चा आहे. वाचा-उपचारतज्ज्ञ १९९२ च्या पुनर्वसन परिषदेच्या कायद्याखाली येतात. म्हणजे डॉक्टर सोडले तरी एकाच खाटेभोवती उभी असलेली माणसे चार निरनिराळ्या कायद्यांखाली नोंदलेली असतात, आणि त्यांनी एकमेकांशी कसे बोलायचे हे ठरवणे रुग्णालयाच्या व्यवस्थापनाला भाग आहे.

वेळेबाबत आपण म्हणता ते खरेच आहे. आमचे एक डॉक्टरही बैठकीला क्वचित येऊ शकतात. त्यांच्यासाठी आम्ही कागदाच्या तळाशी "डॉक्टरांसाठी प्रश्न" अशी एक जागा ठेवली आहे. ते राउंडला आले की तेवढेच वाचतात आणि तिथेच उत्तर लिहितात. एका दिवशी तीनपेक्षा जास्त प्रश्न लिहायचे नाहीत, असे आम्ही स्वतःवर बंधन घातले आहे.

उच्चार

मी वाचा-उपचारतज्ज्ञ आहे आणि मिरज, सांगली व कराड अशा तीन गावांत फिरून काम करते. वरच्या प्रसंगातील ताईंच्या जागी मी स्वतःला सहज पाहू शकले, आणि वाचताना घसा दाटून आला. आठवड्यातून दोनदा येणाऱ्या माणसाची चिठ्ठी हीच त्याची एकमेव जागा असते. त्यामुळे मी आता चिठ्ठीवर विसंबत नाही. पहिल्या भेटीतच पाळीवरील सिस्टर, मावशी आणि घरचे एक माणूस या तिघांना समोर बसवते आणि तिघांकडूनही एकेक चमचा माझ्यासमोर भरवून घेते.

"घट्टसर" या शब्दाने फार घोटाळा होतो, म्हणून एक उपाय सांगते. द्रव पदार्थाच्या घट्टपणाचे शून्य ते चार असे आंतरराष्ट्रीय टप्पे ठरलेले आहेत आणि ते मोजायला सुईविना दहा मिलीची सिरिंज पुरते. सिरिंजच्या तोंडाशी बोट धरून पदार्थ दहाच्या खुणेपर्यंत भरायचा, बोट काढून दहा सेकंद वाहू द्यायचा, आणि किती उरला ते पाहायचे. एक मिलीपेक्षा कमी उरला तर तो पाण्यासारखा पातळ, एक ते चार उरला तर पहिला टप्पा, चार ते आठ दुसरा, आठच्या वर तिसरा, आणि काहीच वाहिले नाही तर चौथा. सगळ्या कंपन्यांच्या सिरिंजची लांबी सारखी नसते, म्हणून शून्यापासून दहाच्या खुणेपर्यंतचे अंतर ६१.५ मिलिमीटर आहे ना, ते एकदा पट्टीने मोजून घ्यावे. तांदळाची पेज निवली की दाटते, आणि नाचणीची तर फारच दाटते, त्यामुळे स्वयंपाकघरातून निघताना बरोबर असलेली पेज खाटेपाशी येईपर्यंत वेगळीच झालेली असते. मोजायचे ते भरवण्याच्या क्षणी. आमच्याकडच्या एका मावशींना हे इतके जमले आहे की त्या मला फोनवर टप्प्याचा आकडाच सांगतात.

भाषेचा मुद्दाही यात यावा. १८९४ साली डॉ. वॉनलेस यांनी मिरजेत रुग्णालय सुरू केले, तेव्हापासून कर्नाटकातील रुग्ण रेल्वेने मिरजेला येत आले आहेत, आणि आपल्याच जत तालुक्याच्या पूर्वेकडील गावांत घरात कन्नड बोलतात. मराठी कागद त्यांच्या कामाचा नाही. आमच्या विभागात कन्नड जाणणाऱ्या एकट्या मावशीच आहेत, आणि त्या रजेवर असल्या की सूचना समजावणे अडते.

हिशेबनीस

मी एका मध्यम आकाराच्या रुग्णालयाचे व्यवस्थापन पाहतो. खर्चाची बाजू कोणी मांडली नाही, ती मी मांडतो.

बहुतेक खासगी रुग्णालयांत उपचारतज्ज्ञांना दर सत्रामागे ठरावीक टक्के मिळतात. म्हणजे रुग्णापाशी घालवलेल्या वेळेचे पैसे मिळतात, पण सहकाऱ्याशी बोलण्यात गेलेल्या वेळेचे मिळत नाहीत. आहारतज्ज्ञाला फोन करण्यात गेलेली पंधरा मिनिटे ही फिजिओथेरपिस्टच्या खिशातून जातात. समन्वय नाही म्हणून आम्ही व्यवस्थापक तक्रार करतो, परंतु समन्वय करणाऱ्याचे नुकसान होईल अशी पद्धत आम्हीच आखलेली असते. हे माझ्या लक्षात यायला बरीच वर्षे गेली. आता बैठकीच्या वीस मिनिटांना आम्ही अर्ध्या सत्राचे मानधन देतो. संचालक मंडळाने विचारले, तेव्हा मी छातीतल्या संसर्गाने लांबलेल्या एका रुग्णाचे बिल पुढे ठेवले. तो सरकारी आरोग्य योजनेतला रुग्ण होता, पॅकेजची रक्कम ठरलेली होती, आणि वाढलेल्या दिवसांचा सगळा खर्च रुग्णालयानेच सोसला होता. मंजुरी त्याच बैठकीत मिळाली.

आणखी एक अनुभव सांगतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात तळमजल्यावरचे रुग्ण आम्हाला घाईघाईने दुसरीकडे हलवावे लागले आणि फायली मागेच राहिल्या. ज्यांच्या नातेवाइकांकडे उपचारांची एक प्रत होती, त्यांचेच उपचार दुसऱ्या ठिकाणी त्याच दिवशी नीट सुरू झाले. तेव्हापासून कागदाची एक प्रत रोज घरच्यांच्या हातात देतो. माहिती बाहेर जाईल म्हणून सुरुवातीला विरोध झाला होता. माझ्या मते ती माहिती मुळात त्यांचीच आहे.

माणदेशी

मी डॉक्टर नाही. सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात राहतो आणि आईला झटका आल्यानंतर तिची सर्व सेवा मी व माझ्या पत्नीने केली. तुम्हा सर्वांचे बोलणे रुग्णालयाच्या दारापाशी थांबते, म्हणून लिहितो.

घरी सोडताना आम्हाला डिस्चार्ज कार्ड मिळाले, त्यात औषधे होती आणि "फिजिओथेरपी चालू ठेवावी" एवढे एक वाक्य होते. आमच्या गावापासून फिजिओथेरपिस्ट चाळीस किलोमीटरवर आहेत. आईला घेऊन जायला गाडी करावी लागते, त्यात निम्मा दिवस जातो. तिला डाव्या बाजूचे भान राहत नव्हते, ताटातले डावीकडचे अन्न ती तसेच ठेवायची, आणि आम्हाला वाटायचे की तिला भूक नाही. ती डावी बाजू तिच्या लक्षातच येत नाही, हे आम्हाला दोन महिन्यांनी कळले, तेही दुसऱ्याच कामासाठी आलेल्या एका ताईंकडून. त्यांनी सांगितल्यावर आम्ही तिच्याशी डावीकडून बोलू लागलो. शौचालय भारतीय पद्धतीचे होते, तिथे ती बसू शकत नव्हती. बसायचे भोक पाडलेली लाकडी खुर्ची सुताराकडून करून घेता येते, हेही कोणी सांगितले नव्हते.

आमच्या आशाताई दर आठवड्याला घरी येत, रक्तदाब मोजून घेत. त्यांची मनापासून मदत करण्याची तयारी होती, परंतु नेमके काय पाहायचे हे त्यांना कोणी लिहून दिलेले नव्हते. तुमचा तो एक कागद आमच्या घरापर्यंत आला असता, तर त्यांनी तो वाचला असता.

हरिपूर_संगम

दादा, आपण लिहिलेले मी आजच्या बैठकीत सगळ्यांना वाचून दाखवले. आमच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टनी ताटाची गोष्ट ऐकून लगेच सांगितले की घरी सोडण्याच्या आधी एक जेवण नातेवाइकांसमोरच द्यायचे आणि त्यांनी ताट पाहायचे. पुढच्या आठवड्यापासून ते सुरू होत आहे. घरी नेण्याच्या कागदावर आशाताईंसाठी वेगळा भाग ठेवायचे ठरले आहे. त्यात चारच गोष्टी असतील : ठसका लागतो का, पाठीवर व टाचांवर लाली दिसते का, उभे राहताना चक्कर येते का, आणि कोणती गोळी बंद झाली आहे. यातली एक जरी गोष्ट आढळली तर कोणाला फोन करायचा, ते नाव आणि नंबर खाली असेल. पाठपुरावा करणाऱ्याचे काम रुग्ण घरी गेल्यावर संपत नाही, तर पहिल्या महिन्यात दर आठवड्याला एक फोन, इथपर्यंत ते वाढवले आहे. हिशेबनीस सरांनी लिहिलेला मानधनाचा मुद्दा मी आमच्या व्यवस्थापनापुढे लेखी ठेवला आहे, उत्तर आले की कळवीन. बैठकीला यावे म्हणून आमच्या फार्मासिस्ट दादांनाही आजच निरोप दिला.

रात्रपाळी ताई, कंत्राटावरच्या मामांसाठी खाटेवरून उचलण्याचे प्रात्यक्षिक दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी ठेवले आहे.

तासगावचे काका बागेत पोहोचले का, असे दोघांनी व्यक्तिगत निरोपातून विचारले. छाटणीला त्यांना जाता आले नाही, अतिदक्षता विभागातल्या नऊ दिवसांनी सगळेच मागे पडले होते. डिसेंबरमध्ये मुलाने त्यांना खुर्चीत बसवून बांधापर्यंत नेले, आणि तिथून ते काठी टेकत पहिल्या ओळीतली चार झाडे ओलांडून गेले.

कागदाचा कन्नड मजकूर तयार होतो आहे. शनिवारी मावशींकडून वाचून घेऊन, त्यांनी सांगितलेल्या दुरुस्त्यांसह इथे टाकते.